शेवटच्या बाकावरून दिसेल अशी स्लाइड: वर्गात सादरीकरण नव्याने वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आला की पहिल्या महिन्यात बहुतेक वर्गांत एकच चित्र दिसतं. पाठ्यपुस्तकातले परिच्छेद स्लाइडवर चढतात, शिक्षक ते वाचून दाखवतात आणि मुलं वहीत उतरवून घेतात. यातून मुलांना पुस्तकापेक्षा जास्त काही मिळत नाही. उलट फळ्यावर एकेक ओळ लिहिताना मुलांना विचार करायला जी उसंत मिळायची, तीही जाते.

म्हणून सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या: तोंडाने सांगून किंवा खडूने काढून जे नीट दाखवता येत नाही, तेवढंच स्लाइडवर घ्यायचं. गणिताची सिद्धता, समीकरणाच्या पायऱ्या, वाक्याचं पृथक्करण या गोष्टी फळ्यावरच चांगल्या होतात, कारण त्या घडताना मुलांना दिसाव्या लागतात. नकाशा, छेदचित्र, जुनं छायाचित्र, सूक्ष्मदर्शकाखालची पेशी, दोन कवितांच्या ओळी शेजारीशेजारी, हा स्लाइडचा प्रांत.

खाली दिलेले पर्याय विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमधले आहेत. लिबरऑफिस इम्प्रेस फुकट मिळतं आणि त्यातही यातलं जवळजवळ सगळं करता येतं. जिथे मोठा फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

हाताशी काय हवं

- लॅपटॉप आणि त्याचा चार्जर. बॅटरीवर बरेच लॅपटॉप पडद्याचा उजेड कमी करतात आणि काही मिनिटांत झोपी जातात.
- पुरेशी लांब एचडीएमआय केबल. प्रोजेक्टर जुना असेल तर एचडीएमआयचं व्हीजीए करणारा अडॅप्टर.
- तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड.
- आवाज लागणार असेल तर वेगळा स्पीकर.
- पेनड्राइव्हवर मूळ फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही.
- खडू आणि डस्टर. वीज गेली तरी तास पुढे चालला पाहिजे.

१. आधी टाचण, मग संगणक

पाठाचं टाचण कागदावर काढा आणि समासात जिथे ‘हे दाखवायला हवं’ असं वाटेल तिथे खूण करा. ३५-४० मिनिटांच्या तासिकेत अशा खुणा सहा ते आठच्या वर गेल्या, तर त्यांतल्या काही गाळा. प्रत्येक खुणेपुढे एक प्रश्न लिहा: हे बघून मुलांनी काय ओळखायचं, मोजायचं किंवा ताडून पाहायचं? प्रश्न सुचत नसेल तर ती स्लाइड बहुधा लागणारच नाही.

कोरी स्लाइड उघडून विचार सुरू केला की ‘येथे शीर्षक लिहा’ आणि खाली ठिपक्यांची यादी असा तयार साचा समोर येतो, आणि पाठ त्या साच्याच्या आकाराचा होऊन बसतो. हे टाळायला नवी स्लाइड घेताना ‘ब्लँक’ किंवा ‘टायटल ओन्ली’ मांडणी निवडा.

२. पडद्याचं माप आधी बघा

नव्या पॉवरपॉइंटची स्लाइड १६:९ प्रमाणात उघडते. शाळांमधले बरेच जुने प्रोजेक्टर ४:३ प्रमाणाचे असतात. त्यांवर १६:९ची स्लाइड लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राची उंची चौथ्या हिश्शाने घटते. ‘डिझाइन’मधल्या ‘स्लाइड साइझ’मध्ये जाऊन हे प्रमाण पहिली स्लाइड करण्यापूर्वीच ठरवा. सगळ्या स्लाइड्स झाल्यावर बदललंत तर चित्रं दबतात किंवा कडेला कापली जातात, आणि प्रत्येक स्लाइड पुन्हा जुळवत बसावं लागतं.

३. अक्षर किती मोठं हवं, हे मोजून ठरवा

‘दिसतंय ना सगळ्यांना?’ या प्रश्नाला मुलं होच म्हणतात. त्यापेक्षा घरीच मोजा. लॅपटॉपवर एफ५ दाबून स्लाइड पूर्ण पडद्यावर आणा आणि हे गणित करा:

लॅपटॉपच्या पडद्याची उंची (इंच) × वर्गातल्या पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर (फूट) ÷ वर्गातल्या चित्राची उंची (इंच) = लॅपटॉपपासून किती फुटांवर उभं राहायचं

साध्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साडेसात इंच उंच असतो. शेवटचा बाक २४ फुटांवर आणि प्रोजेक्टरचं चित्र ४ फूट उंच असेल, तर ७.५ × २४ ÷ ४८, म्हणजे पावणेचार फूट. लॅपटॉपपासून तेवढ्या अंतरावर उभं राहून जे वाचता येतं, तेच शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचता येईल.

आता प्रोजेक्टरच्या जागी टीव्ही धरा. ५५ इंची टीव्हीची उंची जेमतेम २७ इंच, म्हणून पावणेसात फूट मागे जावं लागेल. ४३ इंची टीव्हीची २१ इंच, म्हणजे साडेआठ फूट. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लहान टीव्हीच असतात आणि स्लाइड्स मात्र प्रोजेक्टरच्या हिशेबाने केलेल्या. २८ पॉइंटची ओळ ४ फुटी चित्रावर अडीच इंच उंच पडते, तीच ४३ इंची टीव्हीवर इंचभर. त्यामुळे प्रोजेक्टरसाठी मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, आणि लहान टीव्हीसाठी ४४च्या आसपास हवा. शब्द मावत नसतील तर शब्द कमी करा. मुलांना अर्धवर्तुळात पुढे बसवणं हाही चांगला उपाय आहे.

इथे एक सापळा आहे. मजकूर वाढत गेला की पॉवरपॉइंट अक्षर आपोआप बारीक करतं आणि ते आपल्या लक्षात येत नाही. चौकटीवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट शेप’मध्ये ‘टेक्स्ट बॉक्स’ उघडा आणि ‘डू नॉट ऑटोफिट’ निवडा. मग मजकूर चौकटीबाहेर सांडेल आणि जास्त झाल्याचं तुम्हाला दिसेल.

४. देवनागरीची पथ्यं

इंग्रजी स्लाइडसाठी दिलेले सल्ले देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो, त्यामुळे तिला जास्त उंची लागते. ओळींमधलं अंतर ‘मल्टिपल’ १.२ ठेवा. ‘एग्झॅक्टली’ निवडून ठरावीक अंतर दिलंत तर ‘र्की’सारख्या अक्षरांचे वरचे भाग कापले जाण्याची भीती असते.

अधोरेखित करू नका. ती रेघ उकारांना कापत जाते आणि ‘कुल’, ‘कूल’ यांतला फरक मागच्या बाकावरून कळेनासा होतो. तिरपी अक्षरंही नकोत; बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपं वळण मुळात नसतं, संगणक सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेखा तुटते. ठळकपणासाठी जाड अक्षर किंवा एखादा रंग पुरतो.

फॉन्ट युनिकोडच वापरा, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीचा. जुन्या फाइलींतला मजकूर बरेचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोळा दिसतो. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर रफार, ‘श्र’, ‘क्ष’ आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घालाच. चुका होतात त्या तिथेच. विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट असतो. मुक्त, बालू आणि नोटो सॅन्स देवनागरी फुकट उतरवून घेता येतात आणि लांबून चांगले वाचता येतात.

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी आणखी एक काळजी घ्या. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मूल बालभारतीच्या पुस्तकात एक वळण गिरवत असताना पडद्यावर दुसरं दिसलं तर ते गोंधळतं. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘लाल शाल’ लिहून पुस्तकाशेजारी धरा आणि मगच पुढे जा.

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र नीट उमटत नसेल तर साध्या ‘र’ऐवजी ‘ऱ’ घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबल्यावर तो येतो. मग हलन्त, मग ‘य’.

इम्प्रेसमध्ये ‘फॉरमॅट’, ‘कॅरेक्टर’ उघडल्यावर वेस्टर्न आणि सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) असे दोन वेगळे विभाग दिसतात. देवनागरीला सीटीएलचा फॉन्ट आणि सीटीएलचं माप लागू होतं. वेस्टर्नचं माप बदलत राहिलात तर मराठी अक्षर जागचं हलणार नाही.

५. एका चित्रावर पूर्ण तास उभा करणं: प्रतिरोध पर्जन्याचं उदाहरण

भूगोलात प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे डोंगराने वारे अडवल्यामुळे पडणारा पाऊस, शिकवायचा आहे. याच्या व्याख्येची स्लाइड करू नका. व्याख्या पुस्तकात आहे. एकच छेदचित्र करा: डावीकडे अरबी समुद्र, मग कोकणची चिंचोळी पट्टी, सह्याद्रीची उभी भिंत आणि उजवीकडे हळूहळू उतरत जाणारं पठार. ‘इन्सर्ट’, ‘शेप्स’मधल्या ‘फ्रीफॉर्म’ने एकेक बिंदू क्लिक करत जमिनीची रेषा काढा, सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन आकार बंद करा आणि तपकिरी रंग भरा. नावं तीनच: अरबी समुद्र, महाबळेश्वर, वाई.

हे चित्र टप्प्याटप्प्याने उलगडायचं असतं. त्यासाठी ॲनिमेशनपेक्षा स्लाइडच्या प्रती काढणं भरवशाचं. ॲनिमेशन पीडीएफमध्ये नाहीसं होतं आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडू शकतं. प्रती सगळीकडे सारख्याच दिसतात. कृती अशी: शेवटची, सगळं भरलेली स्लाइड आधी पूर्ण करा. मग डावीकडच्या पट्टीत ती निवडून कंट्रोल+डी दाबा. दोन सारख्या स्लाइड्स होतील. त्यांतल्या पहिलीतून शेवटचा तुकडा पुसा. आता या पहिलीची प्रत काढा, पुन्हा नव्या जोडीतल्या पहिलीतून त्याआधीचा तुकडा पुसा. असं मागे मागे गेलात की कुठलीच रेघ जागची हलत नाही आणि पुढे जाताना फक्त नवा भाग उमटतो. रिकाम्यापासून भरत गेलात तर मध्येच डोंगर सरकवावासा वाटतो आणि आधीच्या प्रत्येक स्लाइडवर तो सरकवावा लागतो.

क्रम असा ठेवा:

- पहिली स्लाइड: फक्त जमीन आणि तीन नावं. तोंडी विचारा: ‘दोन्ही गावं साताऱ्यातली, रस्त्याने तीसेक किलोमीटरचं अंतर. पाऊस कुठे जास्त आणि किती पट?’ मग पडदा काळा करा आणि मुलांना दोन मिनिटांत आकडा वहीत लिहू द्या.
- दुसरी: नैर्ऋत्येकडून येणारे वाऱ्याचे बाण, समुद्रावरून डोंगरापर्यंत.
- तिसरी: बाण वर चढतात, ढग दिसतो. हवा वर गेल्यावर थंड का होते, हे इथे थांबून फळ्यावर सांगा.
- चौथी: पावसाचे दोन स्तंभ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, वाईला हजाराच्या आत. ५०० मिलीमीटरला १ सेंटीमीटर धरलं तर एक स्तंभ ११ सेंटीमीटरचा आणि दुसरा २ सेंटीमीटरलाही पोचत नाही. आकडे लिहिण्याआधी नुसते स्तंभ दाखवा. वर्गातून आपोआप आवाज उठतो. मुलांनी वहीतला आकडा आता ताडून पाहायचा.
- पाचवी: उतरणारी, तापत जाणारी हवा आणि ‘पर्जन्यछाया’ हा शब्द. पारिभाषिक शब्द सगळ्यात शेवटी आला की तो मुलांनी पाहिलेल्या गोष्टीचं नाव होतो.

छेदचित्राची एक फसगत मुलांना आवर्जून सांगा. किनाऱ्यापासून वाईपर्यंतचं अंतर शंभरेक किलोमीटर आहे आणि महाबळेश्वरची उंची १३७० मीटरच्या आसपास. हे अंतर स्लाइडवर ३० सेंटीमीटरमध्ये बसवलं, तर खऱ्या प्रमाणात सह्याद्री उणापुरा ४ मिलीमीटर उंच होईल. आपण तो कितीतरी पट फुगवून काढतो. कोपऱ्यात ‘उंची वाढवून दाखवली आहे’ एवढं लिहा.

या पाच स्लाइड्सवर मिळून वीस शब्दही नाहीत, आणि ते बरंच आहे. मल्टिमीडियातून शिकण्यावर दीर्घकाळ काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर सांगतात की चित्र आणि बोललेलं स्पष्टीकरण यांच्या जोडीला तेच शब्द पडद्यावर टाकले, तर शिकण्यात भर पडण्याऐवजी बहुधा अडथळाच होतो. डोळ्यांनी चित्र बघायचं की ओळ वाचायची, अशी ओढाताण होते. भाषा शिकवताना मात्र मजकूर हाच अभ्यासाचा विषय असतो, तेव्हा तो पडद्यावर हवाच. पण चारच ओळी, मोठ्या अक्षरात, आणि तुम्ही त्या वाचून दाखवेपर्यंत मध्ये दुसरं काही नको.

६. रंग आणि चित्रं

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. काळा म्हणजे जिथे त्याचा प्रकाश पडत नाही ती जागा, आणि ती तुमच्या पडद्याइतकीच उजळ असते. खिडक्यांतून ऊन येणाऱ्या वर्गात गडद पार्श्वभूमी म्हणूनच राखाडी, मळकट दिसते. पांढऱ्या किंवा फिकट बदामी पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद निळी अक्षरं घ्या. पांढऱ्यावर पिवळं पूर्ण गायब होतं. लाल-हिरवा भेद ज्यांना दिसत नाही अशी मुलं, बहुधा मुलगे, अनेक वर्गांत असतात. तुलनेसाठी निळा आणि नारिंगी ही जोडी वापरा.

पुस्तकातल्या आकृतीचा फोटो काढून लावला तर तिची नावं मुंगीएवढी दिसतात. आकृती ठेवा, नावं पांढऱ्या चौकटीने झाका आणि मोठ्या अक्षरात पुन्हा लिहा. भारताचा राजकीय नकाशा इंटरनेटवरून घेताना जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या सीमा तपासा. परदेशी संकेतस्थळांवर त्या बरेचदा वेगळ्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच सीमा हव्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वर्गात शिकवताना शिक्षकाने साहित्य वापरण्याला सवलत आहे, पण तीच फाइल यूट्यूबवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे.

७. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेताना

‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा. तरीही सोबत पीडीएफ ठेवा.

वर्गात लॅपटॉप नसेल आणि पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावायची असेल, तर बरेच टीव्ही पॉवरपॉइंटची फाइल उघडत नाहीत. चित्रं आणि व्हिडिओ उघडतात. ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपेग निवडून सगळ्या स्लाइड्सची चित्रं करा. मग त्यांची नावं ०१, ०२, ०३ अशी बदला. नाहीतर काही टीव्हींवर पहिल्या स्लाइडनंतर थेट दहावी येते, कारण ते नावं अक्षरांच्या क्रमाने लावतात आणि त्या क्रमात १ नंतर १० येतो, मग २.

यूट्यूबचा व्हिडिओ स्लाइडमध्ये जोडला असेल तर तो इंटरनेटशिवाय चालणार नाही.

८. तास सुरू होण्याआधीची दहा मिनिटं

केबल लावा आणि विंडोज+पी दाबा. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, ‘एक्स्टेंड’ म्हणजे वर्गासमोर स्लाइड आणि तुमच्यासमोर टिपा. सुरुवातीचे काही दिवस ‘डुप्लिकेट’ ठेवा, एका वेळी एकच नवी गोष्ट सांभाळा.

आवाज तपासा. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. एचडीएमआयमधून जातो, पण बरेचदा प्रोजेक्टरच्या क्षीण स्पीकरला. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून योग्य साधन निवडा. व्हॉट्सॲप बंद करा आणि सूचना थांबवा. मुलांसमोर पालकांचा निरोप उघडणं कुणालाच नको असतं. दिवा असलेला जुना प्रोजेक्टर बंद करताना आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच घालवू नका, दिवा लवकर जातो.

९. तास चालू असताना

पाच कळा पाठ करा. एफ५ने पहिल्यापासून सुरू होतं, शिफ्ट+एफ५ने चालू स्लाइडपासून. ‘बी’ किंवा टिंब दाबलं की पडदा काळा होतो, ‘डब्ल्यू’ किंवा स्वल्पविरामाने पांढरा. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे पोचता, त्यामुळे ‘मघाचा डोंगर पुन्हा दाखवा’ म्हटल्यावर सगळं उलट चाळत जावं लागत नाही. त्यासाठी क्रमांकांची यादी टाचणावर हवी.

या सगळ्यांत ‘बी’ सर्वांत मोलाची. पडदा उजळलेला असेपर्यंत मुलांची नजर तिकडेच असते. तुम्ही प्रश्न विचारलात, चर्चा सुरू केलीत किंवा फळ्याकडे वळलात की तो काळा करा. नवी स्लाइड आली की लगेच बोलू नका. मनातल्या मनात पाच अंक मोजा. चित्र नीट बघायला एवढा वेळ लागतोच.

मुलं उतरवून घ्यायला लागली तर त्यांना थांबवा आणि सांगा की नंतर प्रत मिळेल. ‘प्रिंट’मध्ये ‘हँडआउट्स’, एका पानावर तीन स्लाइड्स हा पर्याय घेतलात तर प्रत्येक चित्राशेजारी लिहायला रेघा मिळतात. तिथे मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात.

वीज गेली तर शेवटची स्लाइड फळ्यावर काढा. छेदचित्र तुम्ही स्वतः बनवलं असेल तर ते खडूने अर्ध्या मिनिटात जमतं.

१०. तास संपल्यावर

त्याच दिवशी फाइल उघडा. जिथे मुलांनी चुकीचं वाचलं, जिथे तुम्हाला ‘इकडे बघा, तो कोपरा’ असं बोटाने दाखवावं लागलं, त्या स्लाइड्स दुरुस्त करा. बोट दाखवावं लागलं तिथे एक बाण हवा होता. मुलांनी विचारलेला अनपेक्षित प्रश्न त्या स्लाइडच्या खालच्या टिपांमध्ये लिहा. फाइलला ‘नवीन अंतिम २’ असं नाव न देता इयत्ता, विषय, घटक आणि वर्ष द्या, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ती तुम्हालाही सापडेल आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही.